मराठीतील अरबी साहित्य आणि मधली भाषा : एक चिकित्सक अभ्यास

सारांश

मराठीत अरबी साहित्य आले ते मुख्यतः इंग्रजीच्या द्वारे. कृष्णशास्त्री चिपळूणकरांपासून गौरी देशपांडे यांच्यापर्यंतच्या अनुवादपरंपरेचा विचार करता, मधल्या भाषेने केवळ शब्द बदलले नाहीत, तर आपण अरबीतील काय वाचावे हेही ठरविले, असे दिसते. प्रस्तुत लेखात या परंपरेचे मूल्यमापन करून समकालीन अरबी कादंबरीच्या संदर्भात थेट अनुवादाची गरज आणि शक्यता तपासली आहे. ही शक्यता उल्हासनगरसारख्या शहरात कोणत्या स्वरूपात उपलब्ध आहे, याचाही विचार येथे केला आहे.

प्रस्तावना

अरबी साहित्य म्हटल्यावर मराठी वाचकाला प्रथम काय आठवते, असा प्रश्न वर्गात विचारला तर उत्तर बहुधा ठरलेले असते : अल्लाउद्दीनचा दिवा आणि अलीबाबाची गुहा. या उत्तरातच आपल्या विषयाची सारी गुंतागुंत सामावलेली आहे. कारण या दोन्ही कथा 'अलिफ लैला'च्या कोणत्याही जुन्या अरबी हस्तलिखितात सापडत नाहीत. आंत्वान गालाँ या फ्रेंच विद्वानाने १७०४ ते १७१७ या काळात त्या कथासंग्रहाचे फ्रेंच रूपांतर प्रसिद्ध केले. त्याला १७०९ मध्ये पॅरिसमध्ये हन्ना दियाब नावाचा अलेप्पोचा एक तरुण भेटला आणि त्याने या कथा तोंडी सांगितल्या. गालाँने त्या आपल्या संग्रहात घातल्या, पण सांगणाऱ्याचे नाव ग्रंथात दिले नाही. पुढे त्या फ्रेंचमधून इंग्रजीत आणि इंग्रजीतून आपल्याकडे आल्या. म्हणजे ज्या कथांना आपण अरबी साहित्याचा अर्क समजतो, त्यांचे पहिले लिखित रूपच फ्रेंच आहे, आणि ज्याने त्या सांगितल्या तो अरब कथक मात्र तीन शतके पडद्याआड राहिला. व्हॅटिकनच्या ग्रंथालयातील त्याच्या आत्मवृत्ताच्या हस्तलिखिताचे फ्रेंच भाषांतर २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा कोठे तो माणूस म्हणून जगापुढे आला.

मधल्या भाषेचे कार्य असे दुहेरी असते. ती आणून देते आणि झाकूनही टाकते. या दुहेरी कार्याची मराठीच्या संदर्भात चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पूर्वपीठिका : संपर्क जुना, साहित्य दूर

अरबी जगाशी आपल्या प्रदेशाचा संबंध इंग्रजीच्या कितीतरी आधीचा आहे. अल् मसूदी हा अरब प्रवासी दहाव्या शतकाच्या आरंभी चौलला येऊन गेला. त्याच्या ग्रंथात चौलचा उल्लेख 'सैमूर' असा येतो आणि तेथे स्थायिक झालेल्या मुसलमान व्यापाऱ्यांचे वर्णनही येते. इ. स. ९२६ च्या चिंचणी ताम्रपटावरून असे कळते की, राष्ट्रकूटांच्या अमलाखाली संजाण मंडलाचा कारभार मधुमती या ताजिक, म्हणजे अरब, अधिकाऱ्याकडे होता. 'मधुमती' हे 'मुहम्मद' या नावाचे संस्कृत वळण होय. अनुवादाच्या अभ्यासकाने या एका नामांतराकडे मुद्दाम पाहावे. परक्या नावाला आपल्या उच्चारात घर देण्याची ही रीत थेट संपर्कातून आलेली आहे. तिला तिसऱ्या भाषेची मध्यस्थी लागली नव्हती.

उलट दिशेचे उदाहरणही प्रसिद्ध आहे. आपले 'पंचतंत्र' पहलवीमार्गे आठव्या शतकात इब्न अल् मुकफ्फाच्या अरबी गद्यात 'कलीला व दिम्ना' होऊन उतरले आणि अरबी ललित गद्याचा तो एक आद्य नमुना ठरला. म्हणजे मधल्या भाषेतून केलेला अनुवादही भाषेला नवे वळण देऊ शकतो. हे लक्षात ठेवूनच पुढील चिकित्सा केली पाहिजे. अप्रत्यक्ष अनुवाद तेवढा त्याज्य, असा सोवळेपणा येथे अभिप्रेत नाही.

मराठीच्या शब्दसंपत्तीत अरबी किती खोलवर मुरली आहे, हे निराळे सांगावयास नको. कायदा, वकील, तारीख, हिशेब, अर्ज, मजकूर हे शब्द फारसीच्या वाटेने आले. 'बखर' हा आपला वाङ्मयप्रकारही 'खबर' या अरबी शब्दाच्या वर्णविपर्यासातून सिद्ध झाला, असे मत सर्वपरिचित आहे. शिवकालात 'राज्यव्यवहारकोशा'च्या द्वारे यांपैकी अनेक शब्दांना संस्कृत पर्याय देण्याचा प्रयत्न झाला, तरी लोकव्यवहारातून ते गेले नाहीत. परंतु शब्द घरात आले तरी साहित्य आले नाही. दरबार आणि दप्तर यांची भाषा फारसी होती. अरबी ही धर्माची आणि शास्त्राची भाषा म्हणून तिच्या मागे उभी राहिली. फारसीला माधव जूलियन लाभले. त्यांनी १९२५ मध्ये 'फार्शी-मराठी कोश' सिद्ध केला. उमर खय्याम मूळ फारसीवरून मराठीत आणला आणि पुढे 'द्राक्षकन्ये'त फिट्झजेराल्डच्या इंग्रजीवरूनही आणला. एकाच कवीचे मूळ आणि त्याचे इंग्रजी रूप या दोन निराळ्या कलाकृती आहेत, हे त्यांनी आपल्या कृतीनेच दाखवून दिले. ही विवेकबुद्धी अरबीच्या वाट्याला आली नाही.

धर्मग्रंथाचे क्षेत्र मात्र वेगळे आहे. विनोबांनी अरबी शिकून कुराणाचे मूळातून अध्ययन केले आणि 'कुराणसार' हे संकलन सिद्ध केले. मराठीत कुराणाचे अनुवादही झाले आहेत. तेव्हा मराठी माणसाला अरबी अवघड म्हणून साहित्य आले नाही, हे स्पष्टीकरण पुरेसे नाही. जेथे श्रद्धेची वा जिज्ञासेची निकड होती तेथे भाषा शिकली गेली. साहित्याच्या बाबतीत ती निकड भासली नाही, कारण इंग्रजी हाताशी होती.

चिपळूणकर : शीर्षकात लपलेली भाषा

'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' हे भाषांतर कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी सुरू केले आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर व हरि कृष्ण दामले यांनी ते पूर्णत्वास नेले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील मराठी गद्याच्या घडणीत या ग्रंथाचे स्थान वादातीत आहे. 'मुक्तामाला' (१८६१), 'मंजुघोषा' यांसारख्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांच्या वातावरणाशी त्याचे नाते समीक्षकांनी वेळोवेळी दाखविले आहे. कथेत कथा गुंफण्याची अरबी रीत मराठी वाचकाला परकी वाटली नाही, कारण 'पंचतंत्र' आणि 'वेताळपंचविशी' यांनी ती त्याच्या कानावर आधीच घातली होती.

तथापि या ग्रंथाच्या शीर्षकाकडे आज पुन्हा पाहावयास हवे. गोष्टी 'अरबी भाषेतील' आहेत असे ते सांगते, भाषांतर इंग्रजीवरून झाले आहे. शीर्षकात असत्य काही नाही. गोष्टी मूळच्या अरबीच. परंतु ज्या भाषेतून त्या प्रत्यक्षात आल्या ती भाषा शीर्षकात अदृश्य झाली आहे. शास्त्रीबुवांच्या काळी हे स्वाभाविक होते. इंग्रजी ही त्यांना खिडकी वाटत होती, आणि खिडकीतून पाहणारा काचेचा उल्लेख करीत नाही. याच पितापुत्रांनी डॉ. जॉन्सनच्या 'रासेलस'चेही भाषांतर केले. तेही कृष्णशास्त्र्यांनी आरंभिले आणि विष्णुशास्त्र्यांनी पूर्ण केले. 'रासेलस'मधील अबिसीनिया आणि कैरो एका इंग्रज लेखकाने आपल्या खोलीत बसून कल्पिलेले आहेत. एका बाजूला अरबांनी सांगितलेला आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजांनी कल्पिलेला, असे दोन पूर्व मराठीत एकाच दरवाजातून, एकाच घराण्याच्या लेखणीने आले. दोहोंतील भेद वाचकाला दिसावा अशी सोय त्या दरवाजात नव्हती.

'सुरस' आणि 'चमत्कारिक' ही दोन विशेषणेही अर्थपूर्ण आहेत. अरबी वाङ्मयाकडून मराठीने काय अपेक्षावे, हे त्यांनी जणू कायमचे ठरवून टाकले. अद्भुत हवे असेल तर अरबी. जीवनाचे वास्तव चित्रण हवे असेल तर इंग्रजी, फ्रेंच, रशियन. या वाटणीचा परिणाम पुढे शंभर वर्षे टिकला.

गौरी देशपांडे : बर्टनचे ओझे आणि अनुवादिकेचे धैर्य

गेल्या शतकात गौरी देशपांडे (१९४२–२००३) यांनी रिचर्ड बर्टनच्या इंग्रजी 'अरेबियन नाइट्स'चा सोळा खंडांत मराठी अनुवाद केला. विस्ताराच्या दृष्टीने पाहता मराठीतील हा एक असामान्य अनुवादप्रकल्प होय. चिपळूणकरी परंपरेने या कथा घरात सर्वांदेखत वाचण्याजोग्या केल्या होत्या. देशपांडे यांनी बर्टनच्या असंक्षिप्त पाठाला हात घातला, त्यामुळे मूळ कथांतील शारीरता, थट्टा आणि ग्राम्यता यांना मराठीत प्रथमच एवढी जागा मिळाली. स्त्रीपुरुषसंबंधांवर निर्भीडपणे लिहिणाऱ्या कादंबरीकर्तीने शहरजादच्या कथा मराठीत आणाव्यात, यालाही महत्त्व आहे. रात्रीमागून रात्र गोष्ट सांगत स्वतःचा जीव वाचविणाऱ्या त्या स्त्रीच्या तोंडी मराठी घालण्याचे काम आता एका स्त्रीकडे आले.

परंतु येथेही मूळ पाठ अरबी नाही, बर्टन आहे. बर्टनचे इंग्रजी मुद्दाम जुनाट वळणाचे, त्याने स्वतः घडविलेल्या शब्दांनी भरलेले आणि वंश, लिंग, चालीरीती यांविषयीच्या प्रदीर्घ टिपांनी लगडलेले आहे. मूळ अरबीची भाषा बोलीच्या जवळची, कथकाच्या तोंडची आहे. बर्टनने तिला जो भारदस्त पेहराव चढविला तो मराठी अनुवादकाने उतरवावा की सांभाळावा? उतरविला तर तो बर्टनशी प्रामाणिक नाही. सांभाळला तर तो अरबीशी प्रामाणिक नाही. या पेचातून सुटका अनुवादकाच्या प्रतिभेने होत नाही, कारण तो पेच मधल्या भाषेने निर्माण केलेला आहे.

बर्टनची निवड आपल्या दृष्टीने आणखी एका कारणाने विचार करण्याजोगी आहे. त्याने आधारासाठी घेतलेली प्रमुख अरबी प्रत १८३९ ते १८४२ या काळात कलकत्त्याला छापली गेली होती. तो स्वतः १८४२ मध्ये मुंबईस उतरला, मुंबईच्या लष्करात अधिकारी झाला आणि सरकारी परीक्षा देऊन मराठीत उत्तीर्ण झाला. पुढे तो सिंधमध्ये गेला. सिंधी भाषेला कोणती लिपी असावी या वादात कॅप्टन स्टॅक याने देवनागरीची बाजू घेतली, तर बर्टनने अरबी लिपीची. १८५३ मध्ये अरबी वळणाच्या ५२ अक्षरी लिपीला सरकारी मान्यता मिळाली. अरबी कथा मराठीत आणण्यासाठी ज्याच्या इंग्रजीचा आधार घेतला गेला, त्याला स्वतःला मराठी येत होती. आणि ज्या लिपीचा त्याने पुरस्कार केला ती लिपी फाळणीनंतर उल्हासनगरच्या छावणीत येऊन राहिली. या योगायोगाकडे पुढे पुन्हा वळावे लागेल.

जिब्रान : एक उपयुक्त अपवाद

अरब लेखक म्हणून मराठीत सर्वांत प्रिय झालेले नाव खलील जिब्रान यांचे. वि. स. खांडेकरांनी 'सुवर्णकण' आणि 'वेचलेली फुले' या पुस्तकांतून त्यांच्या रूपककथा मराठीत आणल्या. खांडेकरांना स्वतःला रूपककथेची ओढ होती आणि ही निवड त्यांच्या वाङ्मयीन पिंडाशी जुळणारी होती.

पण जिब्रान यांची 'द मॅडमन' (१९१८) आणि 'द प्रॉफेट' (१९२३) ही विख्यात पुस्तके मुळात इंग्रजीतच लिहिलेली आहेत. त्यांनी अरबीतही विपुल लिहिले. 'अल् अजनिहा अल् मुतकस्सिरा' म्हणजे 'भग्न पंख' ही १९१२ ची कथा त्यांपैकीच. अमेरिकेत राहून अरबी साहित्यात नवे वारे आणणाऱ्या लेखकमंडळींचे ते अग्रणी होते. आपल्याकडे पोहोचला तो मात्र त्यांचा इंग्रजी अवतार. म्हणून असा विरोधाभास संभवतो की, अरब लेखकाचा जो अनुवाद मूळ भाषेवरून झाला असे निश्चित म्हणता येते, त्याची मूळ भाषा अरबी नाही. चमत्काराच्या जागी येथे सूक्ती आली, एवढाच फरक. अरब माणूस एक तर दिव्यातून राक्षस काढतो किंवा डोंगरावरून उपदेश करतो. तो नोकरी शोधतो, घर गमावतो, बहिणीच्या लग्नाची काळजी करतो, हे आपल्या वाचनाच्या कक्षेत फारसे आले नाही.

समकालीन अरबी कादंबरी : कोण निवडतो ?

ते सारे अरबी कादंबरीत विसाव्या शतकापासून आहे. नजीब महफूझ यांना १९८८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले आणि कैरोच्या गल्ल्या जगाच्या वाचनात आल्या. गस्सान कनफानी यांच्या 'उन्हातील माणसे' (१९६३) या लघुकादंबरीत कुवेतला पोटासाठी निघालेले तीन पॅलेस्टिनी पाण्याच्या रिकाम्या टाकीत गुदमरून मरतात. अब्दुर्रहमान मुनीफ यांच्या 'मिठाची शहरे' या कादंबरीमालेत तेल सापडल्यानंतर उद्ध्वस्त झालेले वाळवंटातील जीवन येते. सऊद अल् सनऊसी यांच्या 'बांबूचा दांडा' या कादंबरीचा नायक कुवेती बाप आणि फिलिपिनो मोलकरीण यांचा मुलगा आहे. दोन्ही देशांत तो परकाच ठरतो. रत्नागिरी, रायगड येथील ज्या घरांतील कर्ते पुरुष दोन-तीन पिढ्या आखाती देशांत राबले, त्यांच्या अनुभवाची दुसरी बाजू या कादंबऱ्यांत आहे. मल्याळममध्ये बेन्यामिन यांच्या 'आडुजीवितम्' (२००८) या कादंबरीने आखाती स्थलांतराला मोठे वाङ्मयीन रूप दिले. आपल्याकडील स्थलांतरिताने पाहिलेला मालक आणि त्या मालकाच्या समाजाने स्वतःविषयी लिहिलेली कादंबरी, हे दोन्ही एकत्र ठेवून वाचण्याची संधी मराठीला आहे.

ही पुस्तके आपल्यापर्यंत येतात ती पारितोषिकांच्या बातम्यांतून. अरबी कादंबरीचे आंतरराष्ट्रीय पारितोषिक २००८ पासून दिले जाते. त्याला निधी अबू धाबीचा आणि मार्गदर्शन लंडनच्या बुकर प्रतिष्ठानचे. विजेत्या कादंबरीच्या इंग्रजी अनुवादाची तरतूदही त्यातच असते. 'बांबूचा दांडा'ला ते २०१३ मध्ये मिळाले. २०२४ मध्ये ते बासिम खंदकजी या पॅलेस्टिनी लेखकाला मिळाले, तेव्हा तो इस्रायलच्या तुरुंगात होता. असे सन्मान योग्य असतीलही. पण पारितोषिकाने निवडावे, इंग्रजीने आणावे आणि मग आपण पाहावे, या क्रमात मराठीची स्वतःची गरज कोठेच विचारली जात नाही. १९६३ ची कनफानींची कृती आज मराठीला एखाद्या नव्या पारितोषिकप्राप्त कादंबरीहून अधिक निकडीची असू शकते, हे मराठीनेच ठरवावयाचे आहे.

मधली भाषा काय पुसून टाकते, याचे एक उदाहरण शीर्षकापासूनच घेता येईल. ओमानच्या जोखा अल् हारिसी यांची २०१० ची कादंबरी 'सय्यिदात अल् कमर'. तिच्या मॅरिलिन बूथ यांनी केलेल्या इंग्रजी अनुवादाला २०१९ चे आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिक लेखिका आणि अनुवादिका यांच्यात समान विभागून देण्यात आले. अरबी शीर्षकाचा अर्थ 'चंद्राच्या स्त्रिया' किंवा 'चंद्राच्या स्वामिनी' असा होतो. इंग्रजी शीर्षक 'सेलेस्टियल बॉडीज' असे आहे. त्यावरून मराठी करू जाणारा 'खगोल' किंवा 'ग्रहगोल' लिहील आणि तीन बहिणींच्या या कथेतून शीर्षकातल्या स्त्रियाच नाहीशा होतील. इंग्रजी अनुवादिकेची ही चूक नव्हे. तिने आपल्या भाषेत श्लेष साधला आहे. तिच्या श्लेषाचे भाषांतर करणारा मात्र मूळ लेखिकेपासून दोन पावले दूर गेलेला असतो.

भाषिक प्रश्न : जे इंग्रजीत हरवते, ते मराठीत होते

अप्रत्यक्ष अनुवादाच्या विरोधात सामान्यतः 'मूळाचा गंध' हे कारण पुढे केले जाते. ते मोघम आहे. अरबी आणि मराठी यांच्या संदर्भात अधिक नेमकी कारणे देता येतात.

पहिले कारण व्याकरणाचे. अरबीत द्वितीय पुरुषातही लिंगभेद आहे. पुरुषाला उद्देशून 'जहब्त', स्त्रीला उद्देशून 'जहब्ति'. मराठीतही 'गेलास' आणि 'गेलीस' असा भेद आहे. इंग्रजीत दोघांनाही एकच रूप. म्हणजे जो भेद मूळात आहे आणि लक्ष्यभाषेतही आहे, तो मधल्या भाषेत पुसला जातो आणि मराठी अनुवादकाला तो अंदाजाने पुन्हा भरावा लागतो. कवितेत, विशेषतः प्रेमकवितेत, हा अंदाज चुकला तर साऱ्या कवितेचा संबोध्यच बदलतो.

दुसरे कारण नात्यांचे. अरबीत 'अम्म' म्हणजे काका, 'खाल' म्हणजे मामा, 'अम्मा' म्हणजे आत्या, 'खाला' म्हणजे मावशी. मराठीत या चारही नात्यांना चार शब्द तयार आहेत. इंग्रजीत दोनच उरतात. 'अलिफ लैला'तील व्यापारी आणि जिन यांच्या कथेत पहिला वृद्ध आपल्याबरोबरच्या हरिणीविषयी सांगतो की, ती त्याच्या काकांची मुलगी आणि त्याची पत्नी आहे. लेन आणि बर्टन यांनी हे नाते काळजीपूर्वक राखले आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु आधुनिक इंग्रजी अनुवादांत अशा जागी नुसता 'कझिन' येण्याचा संभव अधिक. मामेबहिणीशी विवाह काही मराठी समाजांत रूढ आहे, चुलतबहिणीशी बहुतांश हिंदू समाजांत निषिद्ध. त्यामुळे मराठी वाचकाच्या मनात या एका शब्दाने जे घडते ते इंग्रजी वाचकाच्या मनात घडतच नाही.

तिसरे कारण प्रमाण आणि बोली यांचे. अरबीत लेखनाची भाषा 'फुस्हा' आणि बोलण्याच्या भाषा यांत मोठे अंतर आहे. महफूझ यांनी कैरोच्या गल्लीतील माणसांचे संवादही फुस्हातच लिहिले. ती त्यांची विचारपूर्वक भूमिका होती. इंग्रजीवरून अनुवाद करणारा मराठी लेखक गल्लीतील पात्रे पाहून त्यांना सहज बोलीत बोलावील आणि आपण वास्तवाशी इमान राखले असे समजेल. प्रत्यक्षात त्याने लेखकाचा निर्णय फिरविलेला असेल. ग्रामीण आणि दलित साहित्याच्या निमित्ताने हा वाद आपण पुष्कळ केला आहे. तो अरबीतही झाला, हे कळण्याची वाट इंग्रजीत बंद होते.

चौथे कारण ओळखीच्या शब्दांचे. 'तक्रार' हा शब्द मूळ अरबीत 'पुनरावृत्ती' आहे. 'मौज' म्हणजे लाट. 'गरीब' म्हणजे परका, अनोळखी. हे शब्द आपल्या भाषेत राहून बदलले. येथे अरबी जाणणाऱ्या अनुवादकाला अर्थाच्या सावधगिरीबरोबर एक वाङ्मयीन संधीही मिळते. परका माणूस गरीब कसा झाला, हा प्रवास आपल्या शब्दातच नोंदलेला आहे.

उल्हासनगर : लिपी, घर आणि वाचक

तृतीय वर्षाच्या वर्गात अनुवादविषयक घटक शिकविताना प्रस्तुत अभ्यासकाने एकदा छापील अरबी मजकुराचे पान विद्यार्थ्यांना दाखविले. ही लिपी कोणी पाहिली आहे का, एवढाच प्रश्न होता. एका सिंधी विद्यार्थिनीने पानाची छायाप्रत मागून घेतली. दुसऱ्या दिवशी तिने सांगितले की, आजीने ते पान अक्षर अक्षर लावून वाचले. अर्थ लागला नाही, पण मधूनमधून 'वक्त', 'दुनिया', 'हक' असे शब्द आले की आजी थांबायची आणि हे आपले आहे, म्हणायची. नातीला ती लिपी येत नव्हती. आजीचा हा गुण घरात कोणाला ठाऊक नव्हता, कारण तो कोणी कधी विचारलाच नव्हता.

या प्रसंगातून फार मोठा निष्कर्ष काढू नये. लिपी म्हणजे भाषा नव्हे. स्वरचिन्हांवाचून छापलेले अरबी व्याकरण जाणल्याशिवाय नीट वाचता येत नाही. सिंधी तर आर्यभाषाकुलातील, मराठीची नातलग. तरीही या शहराचा इतिहास पाहता प्रसंग दुर्लक्षिण्यासारखा नाही. कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वस्ती झाली आणि १९४९ मध्ये तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. त्यांच्याबरोबर अरबी वळणाची लिपी आली. सिंधीसाठी देवनागरी की अरबी, हा स्टॅक आणि बर्टन यांचा वाद स्वातंत्र्यानंतर भारतात पुन्हा उभा राहिला. १९६७ मध्ये सिंधीचा आठव्या अनुसूचीत समावेश झाला आणि साहित्यव्यवहारात दोन्ही लिप्या चालू राहिल्या. पुढच्या पिढ्या मात्र देवनागरी आणि रोमनकडे वळल्या. त्या लिपीबरोबर एक डोळाही मिटत चालला आहे.

याच ठिकाणी कनफानी यांची 'हैफाला परत' (१९६९) ही लघुकादंबरी आठवते. १९४८ च्या एप्रिलमध्ये हैफा सोडावे लागलेले सईद आणि सफिया हे दांपत्य १९६७ च्या युद्धानंतर आपले जुने घर पाहावयास जाते. घाईत मागे राहिलेले तान्हे मूल त्याच घरात दुसऱ्या नावाने वाढलेले असते. घरात राहणारी ज्यू स्त्रीही यातना भोगून आलेली आहे. तिचा बाप ऑशविट्झमध्ये गेला. कोणाचे दुःख मोठे, असा हिशेब कनफानी मांडत नाहीत. मातृभूमी म्हणजे काय, हा प्रश्न ते बापाच्या तोंडी घालतात आणि भूतकाळ म्हणजे मातृभूमी हे उत्तर त्याला अपुरे वाटू लागते.

सिंध सोडून आलेल्या कुटुंबांच्या शहरात ही कथा निराळी वाचली जाईल. सक्करचे वा शिकारपूरचे घर परत जाऊन पाहणे बहुतेकांना शक्य झाले नाही. येथे तुलना सावधपणेच करावयास हवी : दोन्ही इतिहासांची कारणे, राजकारण आणि परिणती भिन्न आहेत. सिंधी निर्वासिताला नवा देश आणि नागरिकत्व मिळाले, पॅलेस्टिनी निर्वासिताच्या वाट्याला छावणीच पिढ्यानुपिढ्या आली. परंतु कुलूप लावून निघालेले घर आणि त्यात राहणारा अनोळखी माणूस, हा अनुभव या शहराला कोणत्याही इंग्रजी प्रस्तावनेवाचून समजतो. अनुवादाची गरज पारितोषिकांच्या यादीवरून ठरत नाही, ती अशा वाचकावरून ठरते, हे येथे ध्यानात येते.

आक्षेप आणि व्यवहार

यावर एक रास्त आक्षेप संभवतो. थेट अरबीवरून मराठी करणारे लेखक तयार होईपर्यंत वाचकाने थांबावयाचे काय? थांबू नये. चिपळूणकर थांबले असते तर मराठी गद्य एका मोठ्या आनंदाला मुकले असते. देशपांडे यांचे सोळा खंड हे कर्तृत्व कोणत्याही सिद्धांताने लहान होत नाही. तक्रार अप्रत्यक्ष अनुवादाविषयी नसून त्याच्या अप्रकट राहण्याविषयी आहे, आणि दुसरी वाट शोधण्याच्या आपल्या आळसाविषयी आहे.

ही दुसरी वाट अगदीच निर्जन नाही. मुंबई विद्यापीठात अरबीचा स्वतंत्र विभाग आहे. मदरशांतून अभिजात अरबी शिकलेले आणि मराठी भाषिक परिसरात वाढलेले तरुण कल्याण, भिवंडी, मुंब्रा येथे आहेत. आखातात वर्षानुवर्षे राहून तेथील बोली आत्मसात केलेले लोक आहेत. यांपैकी एकाकडे सर्व पात्रता असेल असे नाही : पहिल्याला फुस्हा येते पण आधुनिक कादंबरीची ओळख नाही, दुसऱ्याला बोली येते पण लिपी येत नाही, मराठीच्या प्राध्यापकाला कादंबरी कळते पण अरबी येत नाही. म्हणून एकट्या अनुवादकाऐवजी जोडीने केलेला अनुवाद हा सध्याचा व्यवहार्य मार्ग ठरतो. एकाने मूळ वाचून शब्दशः अर्थ सांगावा, दुसऱ्याने त्याचे मराठी घडवावे, पहिल्याने ते पुन्हा मूळाशी ताडून पाहावे आणि मुखपृष्ठावर दोघांचीही नावे यावीत. हन्ना दियाबचे नाव गाळण्याची चूक आपण पुन्हा करू नये.

निष्कर्ष

१. मराठीतील अरबी कथासाहित्याचे दोन मोठे टप्पे, चिपळूणकर आणि गौरी देशपांडे, इंग्रजीवर आधारलेले आहेत. जिब्रानचा गाजलेला भाग मुळातच इंग्रजी आहे. त्यामुळे 'अरबी साहित्य' या नावाखाली चमत्कार आणि सूक्ती यांचीच प्रतिमा दृढ झाली.

२. लिंगभेदाची क्रियापदे, नात्यांचे शब्द, प्रमाण व बोली यांचे नाते आणि समाईक शब्दसंपत्ती या चार बाबतींत मराठी ही इंग्रजीपेक्षा अरबीला अधिक जवळून प्रतिसाद देऊ शकते. ही क्षमता मधल्या भाषेमुळे वाया जाते.

३. प्रत्येक अनुवादाच्या शीर्षकपृष्ठावर तो कोणत्या भाषेतील कोणत्या आवृत्तीवरून केला, याची नोंद असावी. अभ्यासक्रमात अनुवादित कृती नेमतानाही ही अट पाळावी.

४. मराठी आणि अरबी विभागांनी मिळून, आरंभी एखाद्या लघुकादंबरीपुरता का होईना, जोडअनुवादाचा उपक्रम हाती घ्यावा. आपल्या परिसरातील भाषिक जाणकारांची नोंद महाविद्यालयाने विद्यार्थ्यांकरवी करून घ्यावी.

यांपैकी शेवटच्या कामाला निधी लागत नाही, विद्यापीठाची मंजुरीही लागत नाही. विद्यार्थ्यांना एवढेच सांगावयाचे की, घरी जाऊन विचारा, कोणाला काय वाचता येते. त्या विद्यार्थिनीच्या आजीने वाचलेले पान 'हैफाला परत' या कथेचे होते, हे तिला त्या दिवशी सांगितले नव्हते. कथेचा सारांश नातीने नंतर तिला सिंधीत सांगितला. आजीने विचारलेला पहिला प्रश्न असा होता : "मग घर मिळालं का त्यांना?" ज्या वाचकाला हा प्रश्न पडतो, तो मराठीच्या अंगणातच बसलेला आहे, त्याच्यापर्यंत कथा पूर्ण पोहोचविणे हे आपले काम आहे.